लागेल कधीतरी

मराठी मध्यमवर्गाचं बोधवाक्य कोणतं, असं मला कुणी विचारलं तर मी क्षणाचाही विलंब न लावता सांगेन, 'लागेल कधीतरी'. या दोन शब्दांनी आमच्या घराचं जेवढं नुकसान केलंय तेवढं वाळवीनेही केलेलं नाही. वाळवी निदान खाऊन संपवते तरी.

बँकेतल्या कारकुनाच्या घराला गॅरेज कुठून आलं, ही शंका रास्त आहे. वडिलांनी १९८४ साली नाशिकला घर बांधलं तेव्हा 'पुढेमागे फियाट घेऊ' म्हणून दहा बाय अठराचं गॅरेज काढून ठेवलं. फियाट आली नाही. बाकी सगळं आलं. नळाची चावी हरवलेला तांब्याचा बंब आला, वातीचे तीन स्टोव्ह आले, चिरंजीवांचा पाळणा आला. टीव्हीची दोन खोकी आहेत; टीव्ही केव्हाच भंगारात गेले, खोकी मात्र वॉरंटीसाठी जपलीयत. राज्यात २०१८ साली थर्माकोलवर बंदी आली. आमची मखरं त्याच्या आधीची, म्हणजे आता दुर्मीळ, म्हणून तीही ठेवायची!

या संग्रहालयाचे क्युरेटर आमचे काका. त्यांच्याशी वाद घालणं सोपं नाही.

"काका, हा गंजलेला नळ टाकू?"

"राहू दे रे. लागेल कधीतरी."

"कशाला?"

"ते लागल्यावर कळेल."

मारी कोंडो नावाच्या जपानी बाईंनी सांगून ठेवलंय, वस्तू हातात घ्या, आनंद झाला तर ठेवा. त्यांची आणि काकांची गाठ पडलेली नाही. काकांना त्या नळानेही आनंद होतो.

'टाकलं की नेमकं दुसऱ्या दिवशी लागतं' हा या पक्षाचा हुकमी एक्का. मानलं, लागतं. पण लागतं तेव्हा सापडतं का? गेल्या पावसाळ्यात पाना हवा होता. दोघांनी अर्धा तास उत्खनन केलं, शेवटी नवा आणला. दिवाळीत जुना सापडला. आता पाने दोन, आणि दोन्ही पुन्हा त्याच गॅरेजात. तेव्हा 'लागेल' म्हणून ठेवलेली वस्तू लागते तेव्हा विकतच आणावी लागते, हा माझा पहिला मुद्दा. यावर शेजारचे लोक तडजोड सुचवतात, 'रॅक करून घ्या, नीट लावून ठेवा.' म्हणजे अडगळीला वाढीव एफएसआय द्या!

माझा धंदा हिशेबाचा. बँकेत खात्यावर दोन वर्षं ग्राहकाचा व्यवहार झाला नाही की आम्ही ते 'इनऑपरेटिव्ह' करतो. दहा वर्षं कुणी फिरकलं नाही तर ते पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे जातात. २०१४ सालापासून ही पद्धत आहे. आमची लेजरं, व्हाउचरं किती वर्षं सांभाळायची त्याचे १९८५ चे नियम आहेत. काही कागद पाच वर्षं, काही आठ. लोकांच्या घामाच्या पैशाचा कागद आठ वर्षांनी मोडीत काढता येतो, आणि बिनदांडीची कढई चाळीस वर्षं?

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. पण आमच्याकडे झोपायच्या खोल्या वर आहेत आणि आई शहात्तर वर्षांची आहे. तिचे दोन्ही गुडघे गेलेत. एकोणीस पायऱ्या. पूर्वी ती दिवसातून चार वेळा खाली यायची, मग एकदा, आता गुरुवारी. भाजीवाल्याशी गॅलरीतून बोलते, पिशवी दोरीने सोडते. शेजारच्या बायका खाली बसतात, त्यांचं हसणं तिला वर ऐकू येतं. घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस माडीवर आणि बंब तळमजल्यावर, बागेच्या तोंडाशी, हा कुठला न्याय?

आर्किटेक्टला आणून मापं घेतली. मंजूर नकाशात ती जागा वाहनासाठी आहे, म्हणून आधी महापालिकेची परवानगी. शटर काढून भिंत नि मोठी खिडकी. पावसाचं पाणी आत येतं, तेव्हा जमीन नऊ इंच उचलायची आणि दाराला पायरी न करता उतार ठेवायचा. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे राहत्या खोलीला २.७५ मीटर उंची लागते. आमचं छत दहा फुटांवर, नऊ इंच वजा जाता भरतंय. जिन्याखालचं बाथरूम भिंतीला लागूनच आहे. अडचण एकच, आत पाय ठेवायला जागा नाही.

भंगारवाला रविवारी नवाला येतोय. काकांचा निरोप आलाय, 'निदान बंब ठेव, तांब्याचा आहे.' ठेवतो ना. आईची वरची खोली रिकामी होईल, तिथे ठेवू. एकोणीस पायऱ्या तो चढवायला काकांनी जातीने यावं.