'फक्त २ शिल्लक' हा आकडा येतो कुठून?

बुटांच्या फोटोखाली लाल अक्षरात 'फक्त २ शिल्लक' दिसलं की आपण पटकन पैसे भरून मोकळे होतो. मी साठ्याचे हेच आकडे एपीआयमधून मागवणारा कोड लिहितो, म्हणून सांगतो, त्या २ च्या मागे बरंच काही असतं.

शॉपिफायचं बघा. गोदामात १० जोड आहेत, हा झाला 'ऑन हँड'. त्यातले ७ आधीच्या ऑर्डरींत गेलेत, ते 'कमिटेड'. १ खराब म्हणून बाजूला. विकायला उरले २, म्हणजे 'अव्हेलेबल'. शिवाय प्रत्येक गोदामाचा हिशेब वेगळा! १ एप्रिल २०२५ पासून शॉपिफायने नव्या सार्वजनिक ॲप्सना जुन्या रेस्टऐवजी ग्राफक्यूएल एपीआय सक्तीचा केला. त्यात कुठल्या गोदामातला कुठला आकडा हवा, ते नेमकं मागता येतं. काम वाढलं, पण मला हा बदल पटतो.

तरी उत्तर त्या क्षणापुरतंच. एपीआयला किती वेळा विचारायचं यावर मर्यादा असते, म्हणून काही ॲप्स आलेलं उत्तर थोडा वेळ साठवून ठेवतात. सेलमध्ये तेवढ्यात माल संपतो आणि तुमची ऑर्डर रद्द होते. हे एकवेळ समजू शकतं.

एपीआयला न विचारताच '२' छापणं मात्र सरळ फसवणूक. कोडमध्ये ते एका ओळीचं काम आहे. केंद्र सरकारच्या २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयक मार्गदर्शक सूचनांमधल्या १३ प्रकारांत अशी खोटी घाईही येते. चार दिवस तोच '२' दिसत राहिला, तर स्क्रीनशॉट काढा आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.