खतावणी बरोबर, छपाईत घोटाळा

गेल्या वर्षी आईच्या तिथीचं बोलावणं मी रोमन अक्षरांत पाठवलं, ही चूक आधी कबूल करतो.

झालं असं. संगणकावरच्या चॅटमध्ये मराठीत लिहायला बसलो, तर टाइप करायच्या चौकटीत ‘श्राद्ध’ शब्द सरळ उमटेचना. जोडाक्षरं सुटी पडलेली, ‘तिथी’ची वेलांटी ठिपक्यांच्या गोलाला लटकलेली. वाटलं, माझाच हात चुकतोय. चार वेळा खोडलं आणि शेवटी कंटाळून रोमनमध्ये लिहून मोकळा झालो.

संध्याकाळी बेल्याहून थोरल्या दादांचा फोन. “काय रे, आईच्या तिथीचं बोलावणं असं? मला नातवाकडून वाचून घ्यावं लागलं.” दादा मराठी शाळेत शिकलेले. मला काय बोलावं सुचेना.

नात म्हणाली, “आजोबा, पाठवून तर बघायचं!” मराठीत पाठवलं, तर मोबाइलवर एकूण एक अक्षर जागच्या जागी!

कारण साधं आहे. संगणक ‘क्ष’ साठवताना क, हलन्त आणि ष असे तीन संकेतांक ठेवतो. त्यांची जोडणी पडद्यावर दाखवताना होते. ते काम प्रोग्रॅमला नीट जमलं नाही, की अक्षरं फुटलेली दिसतात, पण मजकूर शाबूत असतो. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत, खतावणी बरोबर, पासबुकाची छपाई बिघडलेली. अशा वेळी प्रिंटर दुरुस्त करायचा असतो. आपण मात्र खातंच बंद करून टाकतो.

‘रोमनमध्ये काय बिघडतं?’ असं मुलं विचारतात. बिघडतं ना! ‘आचार्यांना बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ रोमनमध्ये एकच दिसतं. काल आणि काळ यांतला फरक पुसला जातो. इथे आदिलाबादेत आपली बरीच मुलं तेलुगू किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. मराठी वाचायला त्यांना घरच्या चॅटशिवाय फारसं काही उरलेलं नाही. तेही रोमन झालं, तर पुढच्या पिढीला आजीची पत्रं कोण वाचून दाखवणार?

आपल्याच जिल्ह्यातल्या गुंजाला गावच्या हस्तलिखितांमधली गोंडी लिपी बघा. युनिकोडमध्ये तिला जागा मिळाली 2018 साली. देवनागरी तिथे 1991 पासून आहे. एवढी वर्षं तयार जागा असून आपण ती चौकट फुटली म्हणून सोडायची?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. अक्षरं फुटलेली दिसली तरी मराठीतच लिहा. धीर होत नसेल तर दुसऱ्या ठिकाणी टाइप करून तिथे चिकटवा. आणि प्रोग्रॅम बनवणाऱ्यांकडे तक्रार जरूर करा. तक्रारच नसेल तर त्यांना दोष कळणार कसा?

यंदाचं बोलावणं देवनागरीत गेलं. टाइप करताना अक्षरं अजून फुटतातच. पाच मिनिटांत दादांचं उत्तर आलं, “वाचलं. येतो.”