पूर ओसरला, निवारा कोठे?

2025 च्या सप्टेंबर महिन्यात सीना नदीला आलेल्या महापुराने सोलापूर जिल्ह्यातील करमाळा, माढा, मोहोळ तसेच उत्तर व दक्षिण सोलापूर ह्या तालुक्यांतील काठावरची गावे जलमय झाली. अवर्षणप्रवण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ह्या जिल्ह्यात लोकांना घरे सोडून शाळांत व मंगल कार्यालयांत आसरा घ्यावा लागला. धान्य, ब्लँकेटे व औषधे घेऊन पुष्कळ हात धावून आले, ही समाधानाची बाब होय. परंतु छावणी उठल्यापासून पक्के घर उभे राहीपर्यंतचा जो मधला काळ, त्याकडे शासनाचे व समाजाचेही पुरेसे लक्ष जात नाही, असे आम्हांस वाटते.

हा काळ किती लांबतो, हे सोलापूरकरांनी जवळून पाहिले आहे. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा अनेक जखमींना सोलापूरच्या रुग्णालयांत आणण्यात आले. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचा भार ह्यांखाली हजारो माणसे दगावली. पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने 52 गावे नव्या जागी वसविण्यात आली. पण तोवर अनेक कुटुंबांना पत्र्याच्या शेडमध्ये एकाहून अधिक उन्हाळे काढावे लागले. 2023 च्या जुलैत रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा वाचलेल्यांच्या वाट्याला कंटेनरचे घर आले. पत्र्याऐवजी कंटेनर, एवढाच काय तो फरक!

सीनाकाठचा प्रश्न थोडा निराळा आहे. येथील जुन्या घरांच्या भिंती बहुधा पांढऱ्या मातीच्या. पुराचे पाणी मुरलेली अशी भिंत पाणी असताना उभी राहते आणि ओसरल्यावर, वाळताना, केव्हातरी ढासळते. पंचनामा मात्र त्याआधीच झालेला असतो. आपत्ती निवारण निधीच्या 2022 ते 2026 ह्या कालावधीसाठी ठरविलेल्या निकषांनुसार सपाट प्रदेशात पूर्णतः नष्ट झालेल्या घरास 1,20,000 रुपये, तर अंशतः पडलेल्या कच्च्या घरास 4,000 रुपये मदत ठरली होती. म्हणजे भिंत तलाठी येऊन गेल्यावर पडली, तर कुटुंबाला एवढ्या मोठ्या रकमेस मुकावे लागण्याचा धोका असतो. शिवाय बांधकाम अधिकृत असण्याची अट आहे. गायरानावर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या भूमिहीनाने कोणता कागद दाखवावा?

तात्पुरता निवारा म्हणजे चार पत्रे नव्हेत. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. अशा वेळी उघड्या पत्र्याखाली दुपारी तान्हे मूल ठेवता येत नाही. पत्र्यावर उसाचे पाचट अंथरावे, बाजूला तुराट्यांचा कूड घालावा, हे ज्ञान गावात आहेच. ते कंत्राटदाराच्या नकाशात नसते. निवारा शेताजवळ व गुरांजवळ हवा. दावणीला म्हैस बांधलेली असताना दूरच्या छावणीत जाण्यास शेतकरी राजी नसतो, ह्यात हट्ट नाही, हिशेब आहे. स्त्रियांना आतून कडी लागणारे दार हवे आणि शौचालय अंधारात गाठता येईल इतके जवळ हवे. हेच पत्रे, वासे, बांबू पुढे कायमच्या घरालाही वापरता यावेत, म्हणून ते कुटुंबाच्या मालकीचे करून द्यावेत.

सेवाभावी संस्थांना ह्या कामात मोठा वाव आहे. भूकंपानंतरच्या दुरुस्तीच्या कामात गावोगावच्या स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आल्या व शासन आणि घरमालक ह्यांच्यामधला दुवा ठरल्या. तसे काम सीनाकाठीही होऊ शकते.

शासनाकडे आमची मागणी मर्यादित आहे. पुरानंतर महिन्याभराने मातीच्या घरांचा दुसरा पंचनामा व्हावा, घर पूर्ण होईपर्यंत भाडे किंवा निवाऱ्याचे साहित्य मिळावे, आणि शाळेच्या वर्गखोल्या छावणीसाठी घेताना त्या कोणत्या तारखेला मोकळ्या होणार व तेथील कुटुंबे त्यानंतर कोठे जाणार, हे तहसीलदारांनी त्याच आदेशात लिहावे.