जुना आवाज, नवे वेष्टन

आशा भोसले यांचे पॉप संगीतातील पुनरागमन हा कलेइतकाच भांडवलाच्या हिशेबाचाही विषय आहे. राहुलदेव बर्मन १९९४ च्या जानेवारीत निवर्तले. १९९५ मध्ये ‘रंगीला’च्या गाण्यांनी नवी पिढी आशाबाईंकडे वळली. पुढल्या वर्षी बर्मन यांच्याच जुन्या चालींना आधुनिक तालाचा साज चढवून ‘राहुल अँड आय’ बाजारात आला, आणि १९९७ मध्ये लेस्ली लुईस यांच्या संगीताचा ‘जानम समझा करो’. गायिकेने साठी ओलांडली होती. ग्राहक मात्र विशीतला अपेक्षित होता.

नवख्या गायिकेचे नाव लोकांच्या तोंडी रुळविण्यास जो जाहिरातखर्च येतो, तो येथे वाचला. तो चित्रपटांनी चार दशके आधीच केलेला होता. उरले ते वेष्टन: मुखपृष्ठ, उपग्रह वाहिन्यांसाठी चित्रफीत आणि कन्हानसारख्या खाणकामगारांच्या गावापर्यंत पोहोचणारी स्वस्त कॅसेट.

जुन्या चाली बिघडविल्या, ही रसिकांची तक्रार रुचीची म्हणून सोडून देता येईल. प्रश्न वाट्याचा आहे. १९७७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्याने चित्रपटगीतांवरील हक्कात निर्मात्याचे पारडे जड केले होते. गीतकार, संगीतकार व गायक यांना मानधनाचा वाटा देणारी कायदादुरुस्ती २०१२ मध्ये झाली, म्हणजे ‘राहुल अँड आय’नंतर सोळा वर्षांनी. मूळ ध्वनिमुद्रणातील वादकांचा हिशेब तर बहुधा त्या दिवसाच्या मेहनतान्यावरच मिटलेला होता.