निळी प्रत आली का?

जानेवारी 2022 मध्ये सुरतजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीत एक टँकर नाल्यात रसायन सोडत होता. त्यातून उठलेल्या विषारी वायूने शेजारच्या गिरणीतले सहा कामगार दगावले. तपासाचा माग निघाला तो थेट आपल्या तळोज्यापर्यंत. त्याआधी, 2014 च्या नोव्हेंबरात, उल्हासनगरच्या वालधुनी नदीत रसायन ओतले गेले तेव्हा शेकडो लोक आजारी पडले होते.

अशा प्रकरणांत आधी हाती लागतो तो चालक. माल ज्याचा, तो म्हणतो, 'आम्ही वाहतूकदाराकडे सोपवला, पुढचे आम्हाला ठाऊक नाही.' घातक कचऱ्याच्या 2016 च्या नियमांत ही पळवाट नाही. नियम 23 नुसार झालेल्या नुकसानीला कचरा निर्माण करणाराही जबाबदार आहे.

1 एप्रिल 2024 पासून पर्यावरण (संरक्षण) कायद्याच्या कलम 15 मधली पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद जाऊन 10 हजार ते 15 लाख रुपयांचा दंड आला. कैद गेल्याची हळहळ आम्हाला फारशी वाटत नाही. खटले रेंगाळत आणि धाक कागदावरच राही. चिंता 15 लाखांची आहे. मोठ्या कारखान्याचा रीतसर विल्हेवाटीचा वर्षाचा खर्च याहून कितीतरी जास्त असतो. तेव्हा दंड ठरवणाऱ्या अधिकाऱ्यांनी आधी वाचवलेल्या पैशाचा हिशेब मांडावा आणि पर्यावरण भरपाई वेगळी लावावी. आणि आदेश लवकर निघावा. दोन वर्षांनी आलेल्या दंडाला कोण भितो?

चोरी पकडण्याची सोय कागदावर आहेच. घातक कचऱ्याच्या प्रत्येक टँकरसोबत जाणाऱ्या नोंदपत्राच्या, म्हणजे मॅनिफेस्टच्या, सात रंगांच्या सात प्रतींपैकी निळी प्रत विल्हेवाट केंद्राकडून कारखान्याकडे परत येते. माल पोचल्याचा तो पुरावा. टँकर वाटेत रिकामा झाला तर ती येत नाही, आणि तिची आठवण कोणी काढतही नाही. त्याहून चलाख युक्ती म्हणजे कचऱ्याला 'उप-उत्पादन' म्हणायचे आणि साधे बिल फाडून विकायचे. मग मॅनिफेस्टचाच प्रश्न मिटतो! विकत घेणाऱ्याकडे तो माल वापरण्याची यंत्रसामग्री तरी आहे का, हे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या क्षेत्र अधिकाऱ्यांनी एकदा प्रत्यक्ष जाऊन पाहिले तरी बरीच बिले उघडी पडतील.

कारखान्यांतल्या आमच्या वाचकांना एकच विनंती. गेल्या तिमाहीत बाहेर पडलेल्या प्रत्येक टँकरची निळी प्रत फायलीत आहे का, ते याच आठवड्यात पाहा. नसेल तर वाहतूकदाराला फोन करून थांबू नका. मंडळाला लेखी कळवा.