तर्जनीचा अंगठा

रविवार संध्याकाळ. लोणावळ्याहून पुण्याला येणारी लोकल, सॅकमध्ये चिक्की आणि ट्रेक करून पायांचे तुकडे पडलेले. (ट्रेकची आयडिया मैत्रिणीची, माझी नाही!)

कामशेतला एक ताई चढल्या. कडेवर दीड-दोन वर्षांचा मुलगा, त्याच्या उजव्या हातावर पदर. मी चिक्कीचा तुकडा पुढे केला, पदर सरकला. पठ्ठ्याने तो तर्जनी आणि मधल्या बोटाच्या फटीत पकडला, सिगरेट धरतात तसा! अंगठा होता, पण कातडीच्या देठावर नुसता लोंबणारा.

"गिऱ्हाणात मी भाजी चिरली म्हणून झालं म्हणतात," ताई हळूच म्हणाल्या. पुण्याच्या डॉक्टरांनी तो अंगठा काढून शेजारच्या बोटाचा अंगठा करायचं सांगितलेलं. "आहे तो पण कापायचा? मग चारच बोटं राहणार ना, मॅडम?"

माझी बोलती बंद. फोन नंबर घेतला आणि घरी येऊन वाचत बसले.

या ऑपरेशनला पॉलिसायझेशन म्हणतात. जर्मनीत १९५७ ते १९६१ या काळात थॅलिडोमाइड हे औषध गरोदर बायकांनी घेतलं आणि हजारो मुलं हातापायांत व्यंग घेऊन जन्मली. हॅम्बुर्गचे सर्जन डीटर बुक-ग्रामको यांनी अशा मुलांवर ऑपरेशनं करत ही पद्धत घडवली, १९७१ मध्ये ती जगापुढे मांडली. तर्जनी तोडून दुसरीकडे शिवायची, असला प्रकार नाही हं. तिच्या रक्तवाहिन्या आणि नसा जोडलेल्याच राहतात. तळव्यातलं हाड कमी करून ती आखूड करायची, मग वळवून बाकी बोटांसमोर आणायची. अंगठ्याच्या बुडाचा सांधा पक्का असेल तर आहे तोच अंगठा सुधारता येतो. सांधाच नसेल, तर मूल त्याला वगळूनच वस्तू धरायला शिकतं. म्हणूनच ती सिगरेट-स्टाइल! ही सवय मुरायच्या आत, साधारण एक-दोन वर्षांचं असताना ऑपरेशन करतात. त्याआधी हृदय, मूत्रपिंडं आणि रक्तही तपासतात, कारण हे व्यंग कधीकधी एकटं येत नाही.

आणि ग्रहण? अंगठा घडतो पहिल्या दोन महिन्यांत. तोवर कित्येकींना दिवस गेल्याचंही नुकतंच कळलेलं असतं!

बुधवारी फोन केला. नवा अंगठा जरा सडपातळ दिसेल, ताकद थोडी कमी असेल, हेही सांगून टाकलं. पलीकडे शांतता.

"नख राहील ना त्याला?"

"राहील की. त्याच बोटाचं."

"मग बरं. गिऱ्हाणाचं तेवढं तुम्हीच सांगा आमच्या आत्याबाईंना," म्हणाल्या, आणि फोन थेट सासूबाईंच्या हातात!