अडीच तासांचा हिशेब

१० जानेवारी १९२७ रोजी बर्लिनमध्ये फ्रिट्झ लांगच्या ‘मेट्रोपोलिस’चा पहिला खेळ झाला. २०२७ साली त्याची शंभरी. लांगवर गौरवलेख निघतीलच. या निमित्ताने आम्हाला मात्र ब्युनोस आयर्समधल्या एका बोटाची आठवण होते.

अडीच तासांचा हा मूकपट कापला तो त्याच्या मालकांनीच. ‘उफा’ कंपनी कर्जात होती. अमेरिकी वितरकांनी तर कथाच बदलून टाकली. कापलेले भाग नाहीसे झाले. मात्र पूर्ण लांबीची एक प्रत अर्जेंटिनातल्या एका वितरकाने नेली होती आणि तिला तिथे कात्री लागली नाही. पुढे फिल्म क्लब चालवणाऱ्या साल्वादोर साम्मारितानो यांनी ती दाखवली, तेव्हा फिल्म यंत्रात थरथरत होती म्हणून ते दोन तासांहून अधिक वेळ बोटाने दाबून उभे राहिले. ही तक्रार चित्रपट-अभ्यासक फर्नांदो पेन्या यांच्या कानी आली आणि ते चमकले. उपलब्ध प्रती इतक्या लांब नव्हत्याच! तरीही ब्युनोस आयर्सच्या चित्रपट संग्रहालयातले डबे उघडायला २००८ साल उजाडले. तेव्हा पाउला फेलिक्स-दिदिए तिथल्या संचालक होत्या.

डब्यांत होती ती १६ मिलिमीटरची नक्कल. मूळ नायट्रेट फिल्म पेट घेते, म्हणून नक्कल करून ती टाकून दिली गेली. भीती अनाठायी नव्हती. जानेवारी २००३मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात लागलेल्या आगीत आपल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची नायट्रेट रिळे खाक झाली. पण नक्कल करण्याआधी मूळ फिल्म धुऊनपुसून घ्यायला काय हरकत होती? धूळ आणि ओरखडे जसेच्या तसे छापले गेले. २०१०च्या दुरुस्त आवृत्तीत परतलेली सुमारे पंचवीस मिनिटे पावसाच्या सरींतून पाहावी लागतात. दुरुस्ती करणाऱ्यांनी ते दृश्य गुळगुळीत करण्याचा अट्टहास केला नाही, हे उत्तमच.

शंभरीच्या सोहळ्यांवर खर्च करणाऱ्या संग्रहालयांनी आपल्याकडची रिळे मोजायला एखादा माणूस नेमावा. डब्यावरच्या चिठ्ठीवर चित्रपटाचे नाव असते, लांबी असेलच असे नाही. ‘मेट्रोपोलिस’मधले साधूचे प्रवचन आणि रोटवांग-फ्रेडरसन या पात्रांची झटापट अजून सापडलेली नाही, पडद्यावर तिथे नुसत्या पाट्या येतात.